चाकोरी आणि पाते : खडी-मुरुमाच्या रस्त्यांची व ग्रेडरची कथा



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला भूगोल शिकवीत असत. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेला, की ते फळा-खडू बाजूला ठेवून सगळा वर्ग शाळेपुढच्या रस्त्यावर नेत. त्या काळी तो रस्ता डांबरी नव्हता, मुरुमाचा होता. तेथे आम्हांला कडेला उभे करून ते एवढेच म्हणत, "पाणी कोठे जाते ते पाहा." पाणी बाजूच्या चरात जायला हवे, पण ते बैलगाड्यांच्या चाकोरीतून रस्त्याच्या लांबीनेच वाहत असे. जाता जाता ते मुरूम उचली, थोड्या उतारावर खोल घळ पाडी आणि सखल जागी गाळ टाकून थांबे. नदीचे क्षरण, वहन आणि संचयन हे तिन्ही धडे आम्ही वीतभर रुंदीच्या त्या प्रवाहात शिकलो. पुढे माझे उभे आयुष्य रस्त्यांच्या कामात गेले. परंतु त्या कामाचे मर्म मला त्या पहिल्या पावसातच सांगितले गेले होते, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली.

आजच्या विषयाचे नाव ऐकून कोणाला तो रूक्ष वाटण्याचा संभव आहे. राजे, लढाया, संत आणि साहित्य यांच्या इतिहासात मुरुमाच्या रस्त्याला जागा कोठली? परंतु आपली भाषाच याला साक्ष देते. 'चाकोरी' हा शब्द आपण आता बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. चाकोरीबाहेरचे जीवन, चाकोरीबद्ध विचार असे आपण म्हणतो. मूळची चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी रस्त्यात पाडलेली खोबण. पिढ्यान् पिढ्या माणसे त्या खोबणीतून गाड्या हाकीत आली, कारण एकदा तीत उतरलेले चाक सहसा बाहेर निघत नसे. ही चाकोरी मोडून रस्त्याला पुन्हा आकार देणाऱ्या एका अवजाराची कथा मी आज सांगणार आहे. ते अवजार म्हणजे ग्रेडर.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लांब मानेचे यंत्र. पुढे दोन चाके, मागे बहुधा चार, आणि त्यांच्या मधोमध पोटाखाली टांगलेले, किंचित बाक असलेले लांबलचक पोलादी पाते. हे पाते एका मोठ्या चक्राला जोडलेले असते. त्यामुळे ते तिरपे फिरविता येते, एका बाजूला खाली व दुसऱ्या बाजूला वर करता येते, पुढे-मागे कलविता येते आणि बाजूला सरकविताही येते. बुलडोझर माती ढकलतो, रोड रोलर ती दाबतो. ग्रेडर मात्र ती तासतो, खेळवितो आणि योग्य जागी नेऊन ठेवतो.

कोरडी जमीन

रस्ता टिकतो कशाने, या प्रश्नाचे उत्तर युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी नव्याने शोधले गेले. फ्रान्समध्ये पिएर त्रेझागे या अभियंत्याने दगडांचे थर पातळ केले, रस्त्याला दोन्ही बाजूंना उतार दिला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रस्त्याची डागडुजी अधूनमधून न करता सतत चालू ठेवावी, त्यासाठी ठरावीक लांबीवर ठरावीक माणूस नेमावा, असा आग्रह धरला. इंग्लंडात जॉन लाउडन मॅकॅडम याने 1816 साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार हाती घेतला. त्याचे सूत्र साधे होते. गाडीचे ओझे खरोखर वाहते ती खालची जमीन. ती कोरडी राहिली तर कोणतेही वजन पेलते, भिजली तर वरती कितीही दगड घाला, ते रुततातच. म्हणून रस्ता भोवतालच्या जमिनीहून उंच ठेवावा, त्यावर सहा औंसांहून, म्हणजे सुमारे 170 ग्रॅमहून, जड नसलेल्या फोडलेल्या खडीचा थर द्यावा आणि पाणी लगोलग बाजूला जाईल अशी व्यवस्था करावी. दगडांचा थर हे रस्त्याचे छप्पर आहे, पाया नव्हे, असे त्याच्या विचाराचे सार सांगता येईल.

ही पद्धत आपल्याकडे यायला फार काळ लागला नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि कोकण व देश यांच्यामधील दळणवळणाचे स्वरूप पालटले. 1854-55 च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिल्यावर पक्क्या रस्त्यांची कामे नियमाने होऊ लागली. परंतु सगळीकडे फोडलेली खडी परवडत नसे. तेथे उपयोगी पडला तो आपला मुरूम. दख्खनच्या काळ्या फत्तराचे वरचे थर उन्हापावसाने कुजून जो भुरभुरीत, दगड-माती मिसळलेला पदार्थ तयार होतो, तो मुरूम. इंग्रज अभियंत्यांना त्याला वेगळे नाव सापडले नाही. त्यांनी आपलाच शब्द उचलला आणि तो आजही भारतीय रस्त्यांच्या इंग्रजी विनिर्देशांत 'मूरम' म्हणून नांदतो आहे. अभियांत्रिकीला मराठीने दिलेल्या मोजक्या शब्दांपैकी हा एक आहे.

आपल्या बेळगाव भागातील मंडळींना हे अधिक सांगायला नको. पश्चिमेला खानापूरच्या बाजूस जांभ्याची तांबडी माती आणि धुवाधार पाऊस. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी जमीन, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते. एकाच जिल्ह्यात रस्त्याचे दोन स्वभाव! तांबड्या भागात पाणी रस्ता वाहून नेते, काळ्या भागात रस्ता स्वतःच खाली बुडतो. उपाय मात्र दोन्हीकडे एकच आहे. रस्त्याची पाठ उंच ठेवा, थर दाट ठेवा आणि पाणी बाजूला काढा.

हे काम शंभर वर्षे माणसांच्या हातांनी चालले. मैलकुली हा शब्द आता विस्मरणात चालला आहे. ठरावीक मैलांचा रस्ता ज्याच्या स्वाधीन, तो मैलकुली. कुदळ, फावडे, घमेले आणि धुमस एवढीच त्याची सामग्री. साइडपट्टीवरचे गवत काढणे, चर मोकळे करणे, खड्डा चौकोनी खणून त्यात मुरूम घालणे, पाणी शिंपून ठोकणे ही त्याची दिनचर्या. त्रेझागेने फ्रान्समध्ये नेमलेला माणूस आणि आपला मैलकुली ही एकाच विचाराची दोन रूपे होत. रस्ता कोणाच्या तरी नजरेखाली असला पाहिजे, हा तो विचार.

शेतकऱ्याचा ओंडका

आता आपल्याला अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रदेशात जायचे आहे, कारण ग्रेडरचा जन्म तेथला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या देशात रेल्वेचे जाळे जगात सर्वांत मोठे होते, पण स्टेशनपासून शेतापर्यंतचा रस्ता म्हणजे चिखल होता. 1904 साली तेथे प्रथमच रस्त्यांची शिरगणती झाली, तेव्हा सुमारे साडेएकवीस लाख मैल ग्रामीण रस्त्यांपैकी जेमतेम 7 टक्के रस्ते सुधारलेले आढळले. पुष्कळ ठिकाणी शेतकरी कराच्या ऐवजी वर्षातून काही दिवस रस्त्यावर श्रम देत. ते काम कोणाच्याच जिव्हाळ्याचे नसल्याने कसेबसे उरकले जाई. 1896 पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू झाले आणि टपालवाल्याची गाडी रोज जायची तर रस्ता रोज जाण्याजोगा हवा, ही निकड लोकांना प्रथमच जाणवली.

त्याच 1896 साली मिसुरी राज्यातील मेटलंड गावच्या डी. वॉर्ड किंग या शेतकऱ्याने आपल्या घरापुढचा रस्ता एका ओबडधोबड लाकडी अवजाराने ओढून पाहिला. पावसानंतर, माती ओली असतानाच, तो घोडे जुंपून ते अवजार रस्त्यावरून फिरवी. काही महिन्यांत त्याच्या दारापुढचा पट्टा कठीण आणि गुळगुळीत झाला. शेजारचा रस्ता होता तसाच राहिला. पुढे त्याने अवजाराला निश्चित रूप दिले. सात-आठ फुटांचा ओंडका उभा चिरायचा, दोन्ही अर्धे भाग अडीच फुटांच्या अंतराने समांतर जोडायचे आणि साखळीने तिरपे ओढायचे. तिरपे ओढल्याने कडेची माती थोडीथोडी रस्त्याच्या मध्याकडे सरकते. दरवेळी एखादा अंगुळच. पण वर्षभरात रस्त्याला पाठ येते.

आपल्या शेतकऱ्याला हे अवजार परके वाटणार नाही. नांगरलेल्या रानातील ढेकळे फोडायला आपण मैंद फिरवितो. मैंद सरळ ओढला जातो, किंगचा ओंडका तिरपा, फरक एवढाच. पण त्या तिरपेपणातच पुढच्या साऱ्या यंत्राचे बीज आहे. दुसरे बीज ओल्या मातीत आहे. ओली चिकणमाती ओंडक्याखाली लिंपली जाते, तिची छिद्रे बुजतात आणि वाळल्यावर तिच्यावर पाणी ठरत नाही. घरातील जमीन सारविणाऱ्या स्त्रीला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. किंग आपल्या ओंडक्याची महती सांगत राज्याराज्यांतून व्याख्याने देत हिंडला आणि 1908 साली अमेरिकेच्या शेती खात्याने त्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. जवळजवळ खर्चाशिवाय होणारी ही सुधारणा होती. तिला एकच किंमत द्यावी लागे. ती म्हणजे प्रत्येक पावसानंतर घराबाहेर पडण्याची.

घोड्यांकडून इंजिनाकडे

ओंडक्याबरोबरच लोखंडी पात्याची, चाकांवर चालणारी अवजारेही निघाली होती. त्यांची एक मोठी अडचण होती. पाते तिरपे धरून माती एका बाजूला लोटली, की तेवढ्याच जोराने अवजार दुसऱ्या बाजूला लोटले जाई आणि घोडे सरळ चालत असताना गाडा मात्र आडवा घसरे. इंडियाना राज्यातील जे. डी. ॲडम्स याने 1885 साली यावर तोड काढली. त्याने चाकेच कलती केली. एका हातात पाण्याने भरलेली घागर घेतलेला माणूस जसा दुसऱ्या बाजूला झुकून तोल सांभाळतो, तशी ही चाके मातीच्या रेट्याविरुद्ध झुकत. आजच्या ग्रेडरची पुढची चाके कलती झालेली पाहून लोक यंत्र मोडले की काय असे विचारतात. त्या कलण्याला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

रिचर्ड रसेल आणि सी. के. स्टॉकलंड या दोघांनी 1903 साली मिनेसोटा राज्यात ग्रेडर बनविण्याचा कारखाना काढला. आरंभी त्यांचे ग्रेडर घोडे किंवा ट्रॅक्टर ओढीत असे. मागच्या गाड्यावर एक माणूस उभा राहून मोठी चक्रे फिरवीत पाते वरखाली करी आणि पुढचा माणूस जनावरे वा ट्रॅक्टर हाकी. दोघांचे जमले नाही तर रस्त्याचे वाटोळे. 1919-20 च्या सुमारास रसेल कंपनीने ट्रॅक्टर आणि ग्रेडर एकत्र जोडून एका माणसाच्या हाती दिले. 1928 साली कॅटरपिलर कंपनीने रसेल कंपनी विकत घेतली आणि 1931 साली 'ऑटो पॅट्रोल' हे यंत्र बाजारात आणले. इंजिन मागे, पाते मध्ये आणि चालक अशा जागी, की त्याला पाते दिसावे. ग्रेडर म्हणून स्वतंत्रपणे रचलेले, स्वयंचलित असे हे पहिले यंत्र मानले जाते. 1938 मध्ये त्याच कंपनीचा 12 क्रमांकाचा ग्रेडर आला आणि त्याचा वंश पुढे अनेक दशके चालला. 1970 च्या दशकात दांडे व दंतचक्रे यांच्या जागी हायड्रॉलिक तरफा आल्या आणि यंत्राचा सांगाडा मधोमध वळू लागला. परंतु मांडणी मूळचीच राहिली.

'पॅट्रोल' या नावाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पॅट्रोल म्हणजे गस्त. यंत्र रस्ता बांधण्यासाठी निघाले नव्हते, गस्त घालण्यासाठी निघाले होते. त्रेझागेचा माणूस, आपला मैलकुली, किंगचा ओंडका आणि हे यंत्र या सर्वांचे काम एकच. रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जाणे आणि त्याने सोडलेला आकार त्याला परत देणे.

जयकर, नागपूर आणि लेडो

आपल्या देशात मोटारी वाढल्या तशी जुन्या पाणी-खडीच्या रस्त्यांची दुर्दशा झाली. लोखंडी धावेचे चाक खडी दाबते. मोटारीचे वेगवान रबरी चाक मात्र खडीमधील बारीक माती ओढून धुळीच्या रूपाने उडविते, आणि बांधणारी मातीच गेली म्हणजे खडी सुटते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी 1927 साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले ते हेच जयकर. पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा निधी रस्त्यांसाठी राखावा, अभियंत्यांनी एकत्र विचार करण्यासाठी कायमचे व्यासपीठ असावे, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. त्यांतून 1929 साली केंद्रीय रस्ते निधी आणि 1934 साली भारतीय रस्ते परिषद या दोन गोष्टी उभ्या राहिल्या. डिसेंबर 1943 मध्ये मुख्य अभियंत्यांची बैठक नागपूरला भरली आणि तेथे पुढल्या वीस वर्षांची योजना आखली गेली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही आज आपल्या तोंडी असलेली वर्गवारी त्या नागपूर योजनेची देणगी होय.

नागपुरात कागदावर रस्ते आखले जात होते, त्याच वेळी देशाच्या ईशान्य टोकाला आसामातील लेडो येथून एक रस्ता पाटकाई डोंगर चढून ब्रह्मदेशात शिरत होता. जपानने ब्रह्मदेश घेतल्याने चीनला जमिनीवरून रसद पोहोचविण्याचा मार्ग तुटला होता. तो जोडण्यासाठी डिसेंबर 1942 मध्ये अमेरिकन सैन्याने हे काम आरंभिले. सुमारे 15,000 अमेरिकन सैनिक, त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या दुपटीहून जास्त स्थानिक मजूर तेथे राबले. बुलडोझर वाट फोडीत आणि मागून ग्रेडर तिला आकार देत. पावसाळ्यात आज केलेला रस्ता उद्या दरीत जाई. हजाराहून अधिक अमेरिकन माणसे तेथे मृत्यू पावली. मजुरांची तर नीट मोजदादही झाली नाही. 12 जानेवारी 1945 रोजी पहिला तांडा लेडोहून निघाला आणि 4 फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोहोचला. मार्गाची एकूण लांबी 1,079 मैल.

हे सारे मी सांगितले ते त्यानंतर जे घडले त्यासाठी. युद्ध संपले, ग्रेडर गेले, माणसे गेली. खडीचा तो रस्ता पुढच्या काही पावसाळ्यांतच अनेक ठिकाणी जंगलाने परत घेतला. एवढ्या प्राणांच्या मोलाने उभारलेली गोष्ट कोणी पाडली नाही, कोणी उखडली नाही. केवळ तिच्यावर गस्त घालणारे उरले नाही. खडीच्या रस्त्याच्या इतिहासातील सर्वांत कठोर धडा मला हा वाटतो.

पाते चालविण्याची विद्या

स्वातंत्र्यानंतर 1960 साली सीमा सडक संघटना उभी राहिली, 1964 साली भारत अर्थ मूव्हर्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला आणि ग्रेडर हळूहळू आपल्याकडेही दिसू लागला. मी नोकरीला लागलो त्या वेळी आमच्या वाट्याला एक जुना ग्रेडर आणि त्याचा जुना चालक आला. त्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू. शिक्षण बेताचे, पण मुरूम मुठीत दाबून उघडला, की त्यात माती किती आणि पाणी किती हे ते सांगत.

एका मेअखेरीस मला वरून निरोप आला, की अमुक गावचा मुरुमी रस्ता आठवड्यात नीटनेटका करून द्यावा. कोणी पाहुणे येणार होते. मामा म्हणाले, "साहेब, टँकर द्या, नाहीतर दोन वळवाच्या सरी पडू द्या. कोरडा मुरूम कापला तर तो मरतो." टँकर मिळण्याजोगे ते वर्ष नव्हते आणि थांबण्याची मला मुभा नव्हती. शिवाय मी पदवीधर होतो! मी हुकूम सोडला. मामांनी मान खाली घालून पाते लावले. पाच दिवसांत रस्ता कॅरमच्या पटासारखा दिसू लागला. पाहुणे आले, प्रसन्न होऊन गेले.

मृगाच्या तिसऱ्या पावसात तो रस्ता नाहीसा झाला. कोरड्या कापणीत बारीक माती धुळीने उडून गेली होती, उरलेला सुटा मुरूम खड्ड्यांत नुसता भरला गेला होता आणि सपाट दिसण्याच्या हट्टापायी मी रस्त्याची पाठच घालविली होती. पाण्याला बाजूला जायला वाट नव्हती, ते मध्येच साचले. एसटी बंद झाली ती दसऱ्यापर्यंत. त्या गावातून हायस्कूलला येणाऱ्या मुली बसनेच येत. त्या वर्षी त्यांची शाळा सुटली. पुढल्या जूनमध्ये त्यांतल्या दोघी परत आल्याच नाहीत. माझ्या कामाच्या नोंदवहीत त्या दोन मुलींची नोंद कोठेही नाही. म्हणून ती आज येथे, एका शाळेच्या व्यासपीठावर, मी करीत आहे.

त्यानंतर मी मामांजवळ बसून शिकलो. त्यांनी सांगितले ते सारे, पुढे 2000 साली अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने दक्षिण डकोटातील अनुभवी मंडळींच्या साहाय्याने काढलेल्या पुस्तिकेत जवळजवळ शब्दशः वाचायला मिळाले, तेव्हा मला हसूही आले आणि लाजही वाटली. त्यातील मुख्य गोष्टी अशा. माती ओलसर असतानाच पाते लावावे. खड्डा भरू नये. त्याच्या तळापर्यंत भोवतालचा थर कापावा आणि तोच माल पुन्हा पसरून दाबावा, कारण सुट्या मुरुमाने भरलेला खड्डा चार दिवसांत तेथेच उघडतो. पाते 30 ते 45 अंश तिरपे धरावे, म्हणजे माल पात्यावरून गडगडत, मिसळत पुढे जातो आणि त्याचा सलग वरंबा पडतो. वेग ताशी 5 ते 8 किलोमीटरहून अधिक नसावा. घाई केली तर यंत्र उसळते आणि पाते रस्त्यावर स्वतःच लाटा कोरते. रस्त्याचा माथा मध्यावर हवा आणि तेथून दोन्ही बाजूंना घराच्या पाख्यासारखा सरळ उतार हवा. त्या पुस्तिकेत हा उतार 4 टक्के सांगितला आहे. आपल्याकडील संकेत खडीच्या रस्त्यास 2.5 ते 3 आणि मातीच्या रस्त्यास 3 ते 4 टक्के असा आहे. शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात. कडेला वरंबा सोडून जाऊ नये. तो राहिला, तर पाणी चरापर्यंत पोहोचत नाही. ते वरंब्याला अडून रस्त्याच्या लांबीने वाहते. गुरुजींनी दाखविलेली चाकोरीच ती, फक्त आता आपणच हाताने पाडलेली!

कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा उमटतात आणि त्यांवरून जाताना गाडी खडखडते, याचा अनुभव आपणां सर्वांना आहे. लोक दोष देतात तो कंत्राटदाराला. तो कधी कधी योग्यही असतो. पण या लाटांचे कारण अधिक खोल आहे. कीथ मॅथर यांनी 1963 साली प्रयोगाने दाखवून दिले, आणि 2007 साली टॅबर्ले, मॉरिस व मॅकेल्वेन या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर चाक चालवून पुन्हा पडताळले, की सुट्या कणांवरून चाक एका ठरावीक वेगाहून जोरात गेले, की लाटा उमटणारच. वेग त्याहून कमी असेल तर उमटत नाहीत. म्हणजे ज्या रस्त्यावर वाहने वेगाने जातात, तो कितीही चांगला केला तरी पुन्हा बिघडणार, हे निसर्गानेच ठरविले आहे. निर्दोष रस्ता एकदाच बांधून मोकळे होऊ, ही आशा खडी-मुरुमाच्या बाबतीत मुळातच व्यर्थ आहे.

उद्घाटन आणि गस्त

मग हे रस्ते हवेतच कशाला, सगळीकडे डांबर का नको, असा प्रश्न स्वाभाविक आहे. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि लाखो वस्त्यांना बारमाही रस्ता मिळाला, ही फार मोठी गोष्ट घडली. तथापि डांबराला गस्त लागत नाही, हा भ्रम आहे. 2010 च्या सुमारास खुद्द अमेरिकेत मिशिगन, दक्षिण डकोटा अशा राज्यांतील काही जिल्ह्यांनी आपले डांबरी रस्ते उखडून पुन्हा खडीचे केले. ते राखण्याचा पैसा त्यांच्याजवळ उरला नव्हता. त्या संपन्न देशातील सुमारे एक तृतीयांश रस्ते आजही कच्चे किंवा खडीचे आहेत आणि त्यांवर ग्रेडर फिरतो आहे. आपल्याकडे भारतीय रस्ते परिषदेने 2008 साली खडीच्या रस्त्यांची स्वतंत्र नियमपुस्तिका काढली. ग्राम सडक योजनेच्या करारातही बांधणाऱ्यानेच पाच वर्षे रस्ता राखावा अशी अट आहे. जयकरांपासून आजवरच्या धोरणांतील शहाणपणाची ही अट मला वाटते. खरा प्रश्न सहाव्या वर्षी उभा राहतो.

आपण बांधणाऱ्याच्या नावाची कोनशिला बसवितो. उद्घाटनाची फीत कापणाऱ्याचे छायाचित्र छापतो. त्यानंतर वर्षानुवर्षे पावसापूर्वी चर मोकळे करणारा मैलकुली आणि पावसानंतर पाते लावणारा ग्रेडरचालक यांची नावे कोणत्याही शिलेवर नसतात. मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना एक नारळ आणि शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रेडर शेडमध्ये उभा राहिला, कारण तो चालविणारा दुसरा कोणी तयार केलेला नव्हता. ही चूक यंत्राची नव्हे. ती आम्हां अधिकाऱ्यांची होती. विद्या हातात होती, ती कागदावर आली नाही आणि दुसऱ्या हातातही गेली नाही.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे हे बोलताना मला फार दूरचा दृष्टान्त शोधावा लागत नाही. शाळा काढणाऱ्यांची नावे आपल्या सभागृहात लावलेली आहेत, आणि ती योग्यच आहेत. पण या सीमाभागात मराठी शाळा चालत राहिली ती दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांना घेऊन पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करणाऱ्या शिक्षकांमुळे. गुरुजींनी एकच धडा किती वर्षे शिकविला असेल? प्रत्येक वर्षी पाऊस नवा, मुले नवी. रस्ता आणि प्रश्न मात्र तोच.

परवा या व्याख्यानासाठी येताना शाळेपुढे क्षणभर थांबलो. रस्ता आता डांबरी आहे, पण साइडपट्टी मुरुमाचीच आहे; आणि डांबराहून ती चार अंगुळे उंच झाली आहे. म्हणजे येत्या पावसात पाणी रस्त्यावरच थांबणार. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की मृगापूर्वी एक दिवस माजी विद्यार्थ्यांनी फावडी घेऊन यावे, मी येईन. आणि पहिला पाऊस पडून गेला, की भूगोलाच्या वर्गाला बाहेर आणून पाणी कोठे जाते ते जरूर दाखवावे.